तीन आगींतून उठलेलं देऊळ खर्चाअभावी कसं गेलं

कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आहे. पंचगंगेकाठच्या त्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं. सातवाहनांच्या काळात आपलं गाव रोमन जगाशी व्यापारानं जोडलेलं होतं, याचा पुरावा म्हणजे ही ब्रह्मपुरी. ग्रीकांचा पोसायडन तोच रोमनांचा नेपच्यून, समुद्राचा देव. त्याचा भाऊ ज्युपिटर, आभाळाचा आणि विजेचा देव, रोमन राज्याचा प्रमुख देव. एका भावाची मूर्ती घाट चढून कोल्हापुरात आली. मग दुसऱ्या भावाचं रोममधलं देऊळ कसं होतं आणि त्याचं पुढे काय झालं, हे इथल्या माणसाला माहीत असायलाच हवं.

रोमच्या कॅपिटोलाइन टेकडीच्या दक्षिण माथ्यावर हे देऊळ होतं. आज त्याचा पाया तेवढा उरलाय, तोही एका संग्रहालयाच्या पोटात. ‘रानटी टोळ्यांनी पाडलं’ किंवा ‘ख्रिस्ती धर्म आला आणि पाडलं’ अशी दोन उत्तरं सर्रास मिळतात. दोन्ही अपुरी आहेत. हे देऊळ तीनदा जळून खाक झालं आणि तिन्ही वेळा पुन्हा उभं राहिलं. शेवटी ते गेलं ते पूजेचा आणि डागडुजीचा खर्च बंद झाल्यावर.

परंपरा सांगते की इ.स.पू. ५०९ च्या १३ सप्टेंबरला त्याची प्रतिष्ठापना झाली. काम सुरू केलं एट्रुस्कन राजांनी. राजेशाही उलथल्यावर प्रतिष्ठापनेचा मान मिळाला होरेशियस नावाच्या कॉन्सलला, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेल्या सर्वोच्च अधिकाऱ्याला. पायाचं माप साधारण ५४ मीटर रुंद आणि ६२ मीटर लांब. म्हणजे नुसतं जोतंच सुमारे ३३ गुंठे. त्यावर एकाच छपराखाली तीन गाभारे: मधला ज्युपिटरचा, बाजूचे ज्यूनो आणि मिनर्व्हाचे. अंबाबाईच्या देवळात महाकाली, महालक्ष्मी, महासरस्वती अशा तीन देवता पाहायची आपल्याला सवय आहे, त्यामुळे कल्पना करायला सोपं जातं. फरक एवढाच की रोममध्ये तिन्ही गाभारे एका ओळीत, एकमेकांना भिंत लावून होते आणि तिन्हींची तोंडं एकाच दिशेला. समोर सहा-सहा खांबांच्या तीन रांगा, दोन्ही बाजूंना एकेक रांग, मागं सपाट भिंत.

आता या देवळाचं दुखणं. खांब एकमेकांपासून खूप लांब होते. एवढ्या अंतरावर दगडी तुळई टाकता येत नाही. दगड दाबाला पक्का, पण वाकायला लागला की खालच्या अंगानं तडकतो. म्हणूनच आपल्याकडच्या दगडी देवळांत खांब इतके दाटीनं असतात. रोमनांनी मधला मार्ग काढला आणि तुळया लाकडाच्या घातल्या. त्या तुळयांवर लाकडी कैच्या, त्यावर वासे, वर भाजक्या मातीची कौलं. रोमन कौल दोन जातींचं असायचं: एक सपाट, दोन्ही कडांना उभा काठ असलेलं, आणि दोन सपाट कौलांमधली फट झाकायला वर पालथं घातलेलं अर्धगोल. आपलं जुनं नळीचं कौल आठवा, तसंच. तुळयांची तोंडं पावसानं कुजू नयेत म्हणून त्यावर भाजक्या मातीच्या नक्षीदार पाट्या ठोकलेल्या. लोकांना ती सजावट वाटते, पण तिचं पहिलं काम पाऊस अडवणं. आढ्यावर चार घोड्यांचा रथ हाकणारा ज्युपिटर, तोही आधी मातीचाच. इ.स.पू. २९६ मध्ये त्याच्या जागी कांस्याचा रथ बसला.

लाकूड आणि माती यांचं छप्पर म्हटलं की सतत लक्ष हवं. मंगळुरी कौलांच्या घरात राहिलेल्या कुणालाही हे सांगायला नको. एक कौल सरकलं, दोन पावसाळे कुणी बघितलं नाही, की खालचा वासा हाताच्या बोटानं टोकरता येतो.

आणि रोमनांनी लक्ष दिलं, शेकडो वर्षं दिलं. ज्युपिटरची मूळ मूर्ती मातीची होती आणि सणाच्या दिवशी तिच्या तोंडाला लाल रंग लावत. तो रंग हिंगुळाचा, म्हणजे पारा आणि गंधकाच्या खनिजाचा. आपला शेंदूर शिशाचा, त्यामुळे द्रव्य वेगळं. पण दिसायला आणि भावनेला फार अंतर नाही. मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. रोममध्ये सेन्सर नावाचे अधिकारी निवडून आले की सरकारी कामांची कंत्राटं देत: रस्ते, गटारं, इमारती. त्यात ज्युपिटरच्या मूर्तीला रंग देण्याचं आणि कॅपिटोलवरच्या पवित्र हंसांच्या दाण्याचं कंत्राट अगदी पहिल्या कामांत असे. देवळाची देखभाल हे राज्याच्या खर्चातलं वरचं कलम होतं. इ.स.पू. १७९ मध्ये भिंती आणि खांब घासून पांढरे केले आणि लोकांनी खांबांवर टांगलेल्या ढाली नि निशाणं उतरवली, अशीही नोंद आहे. म्हणजे अतिक्रमण काढून रंगरंगोटी. ही कामं होत राहिली म्हणूनच पहिलं देऊळ चारशेवर वर्षं टिकलं.

आतल्या दोन गोष्टी इथंच सांगायला हव्यात, कारण त्या कळल्या की देऊळ जवळचं वाटतं.

पहिली टर्मिनसची. टर्मिनस हा शिवेचा, बांधाचा देव. देऊळ बांधायच्या आधी टेकडीवर इतर देवांची छोटी ठाणी होती. कौल लावून त्यांना हलवायची परवानगी मागितली, बाकीच्यांनी दिली, टर्मिनस हलेना. शेवटी त्याचा दगड देवळाच्या आतच ठेवला. पण शिवेच्या देवाला आभाळ दिसलं पाहिजे, म्हणून त्याच्या बरोबर वर छपराला भोक ठेवलं. खिद्रापूरच्या कोपेश्वराचा स्वर्गमंडप ज्यांनी पाहिलाय, त्यांना वर्तुळाकार उघड्या छतातून येणारा उजेड डोळ्यांसमोर येईल. हेतू निराळा, काळही निराळा, पण छतात मुद्दाम आभाळ ठेवणारे लोक तिथंही होते.

दुसरी गोष्ट तळघरांची. देवाला वाहिलेली वस्तू फुटली, जुनी झाली, छपरावरून मूर्ती कोसळली, तरी ती टाकायची नाही; एकदा वाहिली ती देवाची. मग जोत्याखाली खोदलेल्या कोठड्यांमध्ये ती जपून ठेवत. आपण भग्न मूर्ती पंचगंगेत सोडतो, ते जमिनीच्या पोटात ठेवत. या कोठड्यांमुळे पुढं एक अडचण झाली. दुसऱ्या बांधकामाच्या वेळी कॅटुलस या रोमन पुढाऱ्याला देऊळ उंच दिसावं म्हणून भोवतालची जमीन खाली घेऊन पायऱ्या वाढवायच्या होत्या. जमीन उतरवली असती तर कोठड्या उघड्या पडल्या असत्या. त्यामुळे बेत सोडावा लागला आणि नवं देऊळ जुन्याच जोत्यावर, कळसाच्या मानानं बुटक्या चौथऱ्यावर उभं राहिलं.

हे दुसरं बांधकाम का लागलं, तर इ.स.पू. ८३ च्या ६ जुलैला पहिलं देऊळ जळालं. जोत्याखाली दगडी पेटीत जपलेले सिबिलीन भविष्यग्रंथ जळाले, मातीचा ज्युपिटरही गेला. सुल्ला या रोमन सेनापतीनं नवं काम काढलं आणि अथेन्सच्या अर्धवट राहिलेल्या झ्यूस (ग्रीकांचा ज्युपिटर) मंदिराचे संगमरवरी खांब उचलून आणले. काम पुरं होण्याआधी तो वारला. इ.स.पू. ६९ मध्ये कॅटुलसनं प्रतिष्ठापना केली आणि छपरावर सोन्याचा मुलामा दिलेली कांस्याची कौलं घातली. असली कौलं लक्षात ठेवा.

कौलं बदलली, पण खालचं लाकूड तसंच राहिलं. इ.स. ६९ च्या डिसेंबरात, एका वर्षात चार सम्राट होत असताना, पुढं सम्राट झालेल्या व्हेस्पेशियनचा भाऊ सॅबायनस आपल्या माणसांना घेऊन कॅपिटोलवर आश्रयाला गेला. तेव्हाचा सम्राट विटेलियस याचे सैनिक खालून चढून आले आणि आग लागली. कोणी लावली यावर तेव्हाच दुमत होतं. रोमन इतिहासकार टॅसिटस मात्र एक बारकावा देऊन जातो: कळसाच्या त्रिकोणाला आधार देणारे गरुड जुन्या लाकडाचे होते, त्यांनी आग ओढून घेतली आणि पोसली. शेकडो वर्षांचं सुकलेलं लाकूड उंचावर, वाऱ्यात. असं लाकूड पेटलं की खालून पाणी मारून काही होत नाही. पेटती कैची खाली कोसळते आणि संगमरवर त्या धगीनं तडकतो.

पुढच्या वर्षी २१ जूनला झालेली पायाभरणी मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत सुंदर दिवस वाटतो. शकुन पाहणाऱ्या पुरोहितांनी आधी सांगितलं: जुन्या देवळाचा मलबा दलदलीत नेऊन टाका, नवं देऊळ जुन्याच आराखड्यावर बांधा, देवाला आराखडा बदललेला नको. उंची वाढवायला तेवढी मुभा दिली. आभाळ निरभ्र होतं. सगळी जागा फिती आणि माळांनी वेढलेली. आत प्रवेश करणारे सैनिक शुभ नावांचे निवडलेले, हातात शुभ झाडांच्या फांद्या. चुलीची देवी व्हेस्टा हिच्या कुमारिका पुजारणींनी, आई-वडील हयात असलेल्या मुलामुलींना बरोबर घेऊन, झऱ्यांचं आणि नद्यांचं पाणी जागेवर शिंपडलं. मग प्रेटर, म्हणजे न्यायाधिकारी, हेल्व्हिडियस प्रिस्कस यानं पायाच्या दगडाला बांधलेल्या दोरांच्या माळांना हात लावला आणि अधिकारी, पुजारी, सिनेटर, सरदार, सामान्य माणसं सगळ्यांनी मिळून तो प्रचंड दगड दोरांनी ओढला. पायात सोनं-चांदी टाकली, आणि धातूचे असे खडे टाकले ज्यांनी अजून भट्टी पाहिली नव्हती. जसे खाणीतून निघाले तसेच. वापरलेलं, बाटलेलं काही पायात जाऊ नये, एवढी काळजी. रथाच्या दोराला हात लागावा म्हणून आपल्याकडं होणारी गर्दी ज्यांनी पाहिलीय, त्यांना हा दगड ओढणारा जमाव वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

व्हेस्पेशियननं स्वतः मलबा वाहून नेला आणि आगीत वितळलेल्या तीन हजार कांस्यपट्टांच्या नकला शोधून पुन्हा कोरून घेतल्या. सिनेटचे ठराव, तह, सनदा असं त्या पट्टांवर होतं. हे देऊळ राज्याचं दफ्तरही होतं.

एवढं करून तिसरं देऊळ पाचेक वर्षंच टिकलं. इ.स. ८० मध्ये रोममध्ये तीन दिवस तीन रात्री आग चालली, त्यात तेही गेलं. सम्राट डोमिशियननं चौथं बांधलं. अथेन्सजवळच्या पेंटेलिकॉन डोंगरातल्या संगमरवराचे खांब आणले. ग्रीक लेखक प्लुटार्कनं ते अथेन्समध्ये पाहिले होते, तेव्हा जाडी आणि उंचीचं प्रमाण उत्तम होतं. रोममध्ये पुन्हा छिन्नी मारून घासताना चकाकी आली पण खांब बारीक झाले, ही त्याची तक्रार. नुसत्या सोनेरी मुलाम्याला १२,००० टॅलेंटांहून जास्त खर्च आला. एक टॅलेंट म्हणजे साधारण २६ किलो चांदी. हिशेब केला तर ३०० टनांच्या वर. एवढा पैसा छपरावर आणि दारांवर चढवला, त्यानंच पुढं देवळाचा घात केला. साध्या मातीच्या कौलांसाठी कुणी समुद्र ओलांडून येत नाही.

हे चौथं देऊळ तीनशे वर्षं सुखरूप उभं होतं. मग इ.स. ३८२ मध्ये सम्राट ग्रेशियननं जुन्या देवतांच्या पूजाअर्चेचं सरकारी अनुदान आणि पुजाऱ्यांच्या सवलती काढून घेतल्या. ३९१ मध्ये थिओडोशियसनं देवळात जाण्यावर आणि बळी देण्यावरच बंदी आणली. कुणी कुदळ घेऊन आलं नाही. इमारत तशीच होती, रोज दार उघडणारा माणूस मात्र नव्हता. रंगाचं, हंसांच्या दाण्याचं, छपराचं कंत्राट देणारं कुणी उरलं नाही. आपल्याकडं उत्पन्नाच्या जमिनी गेलेल्या देवळांचं काय होतं ते गावोगाव दिसतं: आधी नगारखाना बसतो, मग ओवऱ्या, आणि पिंपळ मूळ धरतो. उलट उदाहरणही आपल्याच गावात आहे. धामधुमीच्या काळात लपवून ठेवलेली अंबाबाईची मूर्ती १७१५ मध्ये पुन्हा स्थापन झाली, कारण पूजा करणारी माणसं आणि तिची सोय करणारी सत्ता दोन्ही होत्या. रोममध्ये दोन्ही एकदम तुटलं.

पहिला हात दारांवर पडला, आणि तो परक्यांचा नव्हे. इ.स. ४०८ मध्ये मारल्या गेलेल्या स्टिलिको या रोमन सेनापतीनं कॅपिटोलच्या दारांवरचे जड सोन्याचे पत्रे उतरवायला लावले. उतरवणाऱ्यांना दारावर एक ओळ कोरलेली सापडली, अशी आठवण लिहून ठेवलेली आहे: हे दुर्दैवी राजासाठी राखून ठेवलंय. इ.स. ४५५ मध्ये समुद्रापलीकडून व्हँडल टोळ्यांचा राजा गायसेरिक आला, चौदा दिवस शहर लुटलं आणि देवळाच्या छपरावरची निम्मी कौलं काढून नेली. उत्तम कांस्य, वर सोन्याचा जाड थर. मूर्ती भरलेलं त्याचं एक जहाज वाटेत बुडालं.

निम्मं छप्पर गेलं याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. कैचीत दोन तिरके वासे वर आढ्याला टेकतात आणि खालची आडवी तुळई त्यांचे पाय एकमेकांना बांधून धरते. त्या तुळईची टोकं भिंतीवर, पागोळीच्या अगदी जवळ टेकलेली असतात. कौल नसलं की पाणी उतारानं घरंगळत नेमकं तिथं येऊन साठतं. भिंतीतल्या खाचेत वारा लागत नाही, लाकूड ओलं राहतं, बुरशी धरते. टोक कुजलं की तुळई बांधून धरायचं काम सोडते आणि वासे भिंतींना बाहेर ढकलू लागतात. रोमचा पाऊस आपल्यासारखा एकदम कोसळत नाही, तो शरद ऋतूत आणि हिवाळ्यात पडतो. पण लाकडाला हळू पडणारा आणि लवकर न वाळणारा पाऊस जास्त बाधतो.

दगडांचंही तेच. रोमन लोक संगमरवरी दगड एकमेकांना लोखंडी आकड्यांनी जोडत आणि आकड्याभोवती वितळलेलं शिसं ओतत. शिसं पाणी अडवतं तोवर लोखंड शतकानुशतकं टिकतं. शिशाचं कवच उघडं पडलं की लोखंड गंजतं, गंज फुगतो आणि दगडाचा कोपरा उडतो. पुढं धातू महाग झाला तेव्हा लोकांनी शिशासाठी आणि लोखंडासाठी सांधेच कोरून काढले. कलोसियमच्या भिंतीवर आज जी असंख्य भोकं दिसतात, ती याच कामाची.

हे थांबवायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. ४५८ मध्ये सम्राट मेजोरियननं कायदा केला की जुन्या सार्वजनिक इमारती आणि देवळं कुणी मोडायची नाहीत. परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याला ५० पौंड सोन्याचा दंड. हाताखालच्या कारकुनानं हुकूम पाळून मदत केली तर त्याला फटके आणि हात तोडायची शिक्षा. शिक्षा इतकी कडक आहे यावरूनच कळतं की दगड काढून नेणं किती सवयीचं झालं होतं. मेजोरियन तीन वर्षांत मारला गेला. कायदा राबवायला कोण उरलं?

संगमरवराचा खरा काळ ठरली चुन्याची भट्टी. संगमरवर म्हणजे रसायनानं शुद्ध चुनखडीच. सुमारे ९०० अंशांना भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. १०० किलो शुद्ध संगमरवरातून साधारण ५६ किलो. पाण्यात टाकला की खदखदतो, विरतो, मग वाळू घालून घाणीत मळला की बांधकामाला तयार. मध्ययुगीन रोममध्ये बांधकाम करणाऱ्याला खाणीतून दगड आणण्यापेक्षा डोळ्यांसमोर पडलेला खांब फोडून भट्टीत घालणं स्वस्त होतं. पुतळेही त्याच वाटेनं गेले.  आपल्या भागातल्या देवळांचं एक मोठं सुदैव यात दडलंय. खिद्रापूरचा काळा पाषाण लाव्ह्याचा, त्याचा चुना होत नाही. खिद्रापूरची शिल्पं छिन्न केली गेली, पण भट्टीत कुणी घातली नाहीत.

मध्ययुगात कॅपिटोलच्या या भागाला लोक शेळ्यांची टेकडी म्हणू लागले. सोळाव्या शतकात कॅफारेल्ली घराण्यानं देवळाच्या जोत्यावर आपला वाडा बांधला. याच शतकात तिथं पेंटेलिक संगमरवराचे प्रचंड तुकडे सापडले. त्यातल्या एका स्तंभशीर्षातून फ्लामिनियो वाक्का या शिल्पकारानं एक सिंह कोरला, पंजाखाली गोळा धरलेला, चांगला मोठा. एका खांबाच्या नुसत्या डोक्यातून एवढा सिंह निघाला, यावरून डोमिशियनच्या देवळाचा खांब केवढा असेल याचा अंदाज करा. तो सिंह आज फ्लॉरेन्सच्या मुख्य चौकातल्या कमानीखाली उभा आहे. चौथ्या देवळाच्या दगडाचा तो सहज पाहता येणारा मोठा तुकडा.

आणि पाया. कॅपिटोलाइन संग्रहालयात मार्कस ऑरेलियसचा कांस्याचा घोडेस्वार ठेवलेल्या काचेच्या छताच्या मोठ्या दालनाला लागूनच तो दिसतो. बहुतेक लोक घोड्याचा फोटो काढून पुढं जातात. त्यांनी मागं वळून भिंत बघावी. फूटभर उंचीच्या करड्या-तपकिरी दगडांचे थर, चुन्याशिवाय एकावर एक बसवलेले, इ.स.पू. सहाव्या शतकातले. हा दगड ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला, मऊ आणि पापुद्रे सुटणारा, त्याच टेकडीच्या आसपास मिळणारा. जमिनीत दाबून ठेवला तर भार घेतो, उघड्यावर पावसात टिकत नाही, पॉलिश होत नाही, आणि भट्टीत घातला तर त्याचा चुना होत नाही. म्हणून तो कुणी नेला नाही.